पहिलाच वीकेंड, तीन पौंडांचं बिल आणि अठरा वर्षांचा मोहनदास : गांधीजींचे लंडनमधले कॉलेजचे दिवस

आपल्या प्रत्येकाच्या फ्रेंडलिस्टमध्ये असा एक मित्र असतोच. मास्टर्स करायला लंडनला गेलेला. सोमवार ते शुक्रवार गायब असतो आणि शनिवार उजाडला की सुरू होतो. टॉवर ब्रिजसमोर फोटो, थेम्सच्या काठावर कॉफी, लाँग वीकेंड आला की थेट पॅरिस. आपण लाइक ठोकतो, आणि फोटोमागची भाड्याची कटकट, घरची आठवण, कर्जाचा हप्ता यातलं काहीच आपल्याला दिसत नाही.

असाच एक पोरगा १८८८ साली लंडनला गेला होता. त्यानेही भारी सूट शिवला, डान्सचा क्लास लावला, पॅरिसला जाऊन आयफेल टॉवर चढला. रात्री उशीत तोंड खुपसून रडलाही. पुढे जगाने त्याला पंचा नेसलेला म्हातारा म्हणून ओळखलं. तेव्हा तो फक्त मोहनदास होता, म्हणून या गोष्टीत आपणही त्याला अरे-तुरेच करू.

सुरुवात गुजरातमधून.

मोहनदासचे वडील १८८५ मध्ये गेले. मॅट्रिक झाल्यावर त्याला भावनगरच्या सामळदास कॉलेजात घातलं, पण लेक्चरमध्ये काय चाललंय हेच कळेना. पहिली टर्म संपवून गडी घरी परत आला. तेव्हा मावजी दवे नावाच्या घरच्या जुन्या सल्लागाराने सुचवलं की इथे चार-पाच वर्षं घासून बी.ए. करण्यापेक्षा पोराला विलायतेला धाडा, तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन येईल. खर्चाचा अंदाज होता चार ते पाच हजार रुपये.

आता एवढे पैसे आणायचे कुठून? मोहनदासने बायकोचे दागिने विकायची तयारी दाखवली. कस्तुरबांना काय वाटलं असेल ते सोडा, कारण त्यांना कुणी विचारल्याची नोंद नाही. मांडीवर काही महिन्यांचा हरिलाल होता. शेवटी थोरल्या भावाने, लक्ष्मीदासने, पैशांची जबाबदारी अंगावर घेतली.

आई पुतळीबाईंना वेगळीच भीती होती. तिकडे गेलेली पोरं दारू पितात, मांस खातात, बिघडतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. मग बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मोहनदासने शपथ घेतली की मद्य, मांस आणि परस्त्री या तिन्हींना शिवणार नाही. तेव्हा कुठे आईने परवानगी दिली.

मुंबईत आल्यावर खरा राडा झाला. मोढ वाणी जातीतलं आजवर कुणी विलायतेला गेलं नव्हतं. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं. जातीची सभा बसली, शेठने जाब विचारला. मोहनदास हा एरवी चार माणसांसमोर तोंड न उघडणारा पोरगा. पण इथे मात्र त्याने जातीने यात पडू नये असं शांतपणे सांगितलं. शेठ भडकला आणि त्याने त्याला जातीबाहेर टाकलं. वर फतवा असा की जो कुणी त्याला मदत करेल किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड.

भावाने प्रवासाचे पैसे मेहुण्याकडे ठेवले होते. जातीच्या धाकाने मेहुण्यानेही हात वर केले. मग एका मित्राकडून उसने घेऊन मोहनदासने सामान भरलं आणि ४ सप्टेंबर १८८८ ला ‘क्लाइड’ बोटीने मुंबई सोडली.

बोटीवर त्याची अवस्था वाईट होती. इंग्रजी धड बोलता येईना, जेवणात कशात मांस आहे आणि कशात नाही हे विचारायची लाज. म्हणून तो जेवायला टेबलावर जायचाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खायचा. सोबत जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते, ते चारचौघांत मिसळ म्हणून सांगायचे. याला ते जमलं नाही.

आणि मग आला तो पहिला वीकेंड.

सप्टेंबरची अखेर आणि दिवस शनिवार. मोहनदासने बोटीवर सगळे दिवस काळा सूट वापरला आणि मित्रांनी दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट खास उतरायच्या दिवसासाठी जपून ठेवला. इंग्लंडमध्ये उतरताना पांढरे कपडे शोभून दिसतील असा त्याचा हिशोब. उतरला आणि बघतो तर काय, सप्टेंबरच्या थंडीत आख्ख्या गर्दीत पांढऱ्या कपड्यातला तो एकटाच!

बरं, बदलावं म्हटलं तर सामानाच्या किल्ल्या एजंटकडे. आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे ऑफिस बंद. सामान थेट सोमवारी. थोडक्यात काय, लंडनमधला पहिला आख्खा वीकेंड त्याच पांढऱ्या सूटमध्ये काढायचा.

मुक्काम होता नॉर्थम्बरलँड अॅव्हेन्यूवरच्या व्हिक्टोरिया हॉटेलात, ट्रॅफल्गर स्क्वेअरला अगदी खेटून. तिथे त्यांना एका छोट्या खोलीत नेलं. मोहनदासला वाटलं आता इथेच बसायचं. तेवढ्यात खोली वर सरकली आणि दार उघडलं तर दुसरा मजला! आयुष्यात पहिल्यांदा लिफ्ट बघितलेल्या माणसाचं जे होईल तेच त्याचं झालं.

त्याच्याजवळ चार ओळखपत्रं होती. एक डॉ. प्राणजीवन मेहतांच्या नावाचं, एक दलपतराम शुक्लांच्या, एक दादाभाई नौरोजींच्या आणि एक राजपुत्र रणजितसिंहजींच्या. हे रणजितसिंहजी म्हणजे ज्यांच्या नावाने आज रणजी ट्रॉफी खेळली जाते तेच.

डॉ. मेहता त्याच संध्याकाळी भेटायला आले. बोलता बोलता मोहनदासने त्यांची टॉप हॅट उचलली आणि तिच्यावरून उलटा हात फिरवला. सगळी लव विस्कटली. मेहतांनी रागाने पाहिलं आणि मग विलायतेचा पहिला धडा दिला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. ओळख झाल्या झाल्या आपल्याकडे विचारतात तसे घरचे-दारचे प्रश्न विचारायचे नाहीत. मोठ्याने बोलायचं नाही. आणि दिसेल त्याला सर म्हणायचं नाही, तसं फक्त नोकर मालकाला म्हणतात.

सोमवारी सामान आलं आणि त्यासोबत हॉटेलचं बिल, तीन पौंड. इथला आकडा समजून घ्या. त्या वेळी एका पौंडात वीस शिलिंग आणि एका शिलिंगात बारा पेन्स असायचे. पुढे याच पोराने याच शहरात दिवसाला सव्वा शिलिंगात जेवून दाखवलं. त्या हिशोबाने दोन रात्रींचं हे बिल म्हणजे दीड महिन्याचं जेवण. त्यातही त्याला तिथलं अन्न आवडलं नव्हतं. एक पदार्थ नको म्हणून दुसरा मागवला आणि पैसे दोन्हींचे लागले.

पुढचे काही आठवडे त्याने कसेबसे काढले. रात्री आईची आठवण यायची आणि डोळ्यांतून धारा लागायच्या. सांगणार कुणाला? इथे राहवत नाही, परत जाता येत नाही. तीन वर्षं काढायची म्हणजे काढायची एवढं मात्र त्याने पक्कं केलं.

खाण्याचे हाल तर विचारू नका. शुक्ल त्याला रिचमंडला आपल्याकडे घेऊन गेले, महिनाभर इंग्रजी रीतिभाती शिकवल्या आणि रोज मांस खा म्हणून समजावलं. अडाणी आईसमोर घेतलेल्या शपथेला काय अर्थ, असा त्यांचा युक्तिवाद. बेंथमचं पुस्तकसुद्धा वाचून दाखवलं. मोहनदासने आपल्याला हे काही कळत नाही आणि शपथ मोडणार नाही एवढंच सांगितलं.

एकदा शुक्ल त्याला नाटकाला न्यायच्या आधी हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवायला घेऊन गेले. झगमगाट असलेलं बडं ठिकाण. इथे तरी पोरगा लाजेखातर खाईल असा त्यांचा डाव होता. सूप आलं. मोहनदासने वेटरला बोलावून त्यात मांस आहे का ते विचारलं. शुक्ल संतापले आणि असं वागायचं असेल तर बाहेर जाऊन खा असं म्हणाले. मोहनदास उठला आणि खरंच बाहेर गेला. जवळचं शाकाहारी हॉटेल बंद होतं. त्या रात्री तो उपाशीपोटी नाटकाला बसला. हे हॉलबर्न रेस्टॉरंट लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

नंतर तो वेस्ट केन्सिंग्टनला एका विधवा बाईंच्या घरी भाड्याने राहायला गेला. तिथे उकडलेली भाजी आणि ब्रेडचे दोन-तीन तुकडे मिळायचे. जास्त मागायला लाज वाटायची. एकोणीस वर्षांचं पोरगं, कडाडून भूक लागणारच. मग सुरू झाली लंडनची पायपीट. रोज दहा-बारा मैल चालायचं आणि एखाद्या स्वस्त हॉटेलात पोटभर ब्रेड खायचा. त्याच शरदात व्हाइटचॅपलमधल्या खुनांनी, म्हणजे ज्याला जग जॅक द रिपर म्हणतं त्याच्या बातम्यांनी, लंडनची वर्तमानपत्रं भरलेली असायची. देशात कधी पेपर न वाचलेला मोहनदास इथे रोज तासभर पेपर चाळायला शिकला होता.

असंच भटकताना एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला सेंट्रल नावाचं शाकाहारी रेस्टॉरंट सापडलं. इंग्लंडला आल्यापासून पहिल्यांदा तो पोटभर जेवला. दाराजवळच्या कपाटात पुस्तकं विकायला होती. त्यातलं हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक त्याने एक शिलिंग देऊन घेतलं.

या एका शिलिंगाने बरंच काही घडलं. राजकोटला असताना मोहनदासने मित्राच्या नादी लागून चोरून मांस खाल्लं होतं. इंग्रज मांस खातात म्हणून आपल्यावर राज्य करतात, तेव्हा सगळ्यांनीच खावं, हेच त्याचं तेव्हाचं मत. म्हणजे इतके दिवस तो उपाशी राहत होता तो फक्त आईला शब्द दिला म्हणून. सॉल्ट वाचल्यावर तो स्वतःच्या मताने शाकाहारी झाला.

पण शुक्लांना नाराज केल्याची बोच होतीच. मांस नाही तर नाही, बाकी सगळ्यात मी पक्का इंग्लिश जंटलमन होऊन दाखवतो असं त्याने ठरवलं. आणि मग भाऊ सुटला. एकोणीस शिलिंगांची टॉप हॅट. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा इव्हनिंग सूट. भावाला पत्र लिहून घड्याळाची सोन्याची दुहेरी साखळी मागवली, आणि त्या बिचाऱ्याने पाठवलीसुद्धा! रोज आरशासमोर दहा मिनिटं टाय आणि केसांचा भांग. डान्सच्या क्लासची फी तीन पौंड. तीन आठवड्यांत सहा तास झाले, पण पियानोच्या तालावर पाय काही पडेना. ताल कळावा म्हणून तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं आणि ते शिकवायला वेगळा मास्तर. भाषण सुधारायला अजून एक मास्तर, त्याची फी एक गिनी.

हे वेड साधारण तीन महिने चाललं. मग एके दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपल्याला काही इंग्लंडात जन्म काढायचा नाही. आपण शिकायला आलोय, आणि तेही भावाच्या पैशांवर. त्याने मास्तरांना पत्र टाकून क्लास बंद केले आणि व्हायोलिन येईल त्या किमतीला विकून टाका म्हणून शिकवणाऱ्या बाईंना स्वतः भेटून सांगितलं.

कपड्यांचा शौक मात्र लगेच सुटला नाही. पुढे संविधान सभेचे पहिले हंगामी अध्यक्ष झालेले सच्चिदानंद सिन्हा यांनी १८९० मध्ये त्याला पिकॅडिली सर्कसला पाहिलं होतं. चकचकीत टॉप हॅट, कडक कॉलर, रंगीत टाय, चामड्याचे चमकदार बूट आणि हातमोजे, असं त्यांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलंय.

आता पैशांचं बघू, कारण परदेशात शिकणाऱ्या कुठल्याही पोराची खरी गोष्ट तिथेच असते. मोहनदास पैन् पैचा हिशोब लिहायचा. बसभाडं, टपाल तिकीट, पेपर, सगळं रोज झोपण्याआधी वहीत. त्यातून कळलं की दुसऱ्याच्या घरात राहणं महाग पडतं. मग कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात चालत पोहोचता येईल अशा बेताने त्याने स्वतंत्र जागा घेतली. घोड्याच्या बसचं भाडं वाचलं आणि रोज आठ-दहा मैलांचा व्यायाम झाला. तरी दोन खोल्या होत्याच. एक खोली सोडली, एक स्टोव्ह घेतला. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर, रात्री ब्रेड आणि कोको. दिवसाचं खाणं एक शिलिंग तीन पेन्समध्ये. मसाले मागवणं बंद केलं. रिचमंडला बेचव वाटणारी उकडलेली पालकाची भाजी आता त्याला आवडायला लागली.

आणि अभ्यास? बॅरिस्टर व्हायची पद्धत ऐकाल तर हसाल. नोव्हेंबर १८८८ मध्ये त्याने इनर टेंपलमध्ये नाव घातलं. परीक्षा होत्याच, पण त्याशिवाय बारा टर्म भरायच्या होत्या. टर्म भरायची म्हणजे काय करायचं? जेवायला हजर राहायचं. प्रत्येक टर्मला निदान सहा वेळा. चार जणांत मिळून वाइनच्या दोन बाटल्या मिळायच्या. मोहनदास पीत नाही हे कळल्यावर त्याला आपल्या टेबलावर घ्यायला पोरांची झुंबड उडायची, कारण दोन बाटल्यांत तिघंच! एरवी कोपऱ्यात बसणारा पोरगा तिथे एकदम डिमांडमध्ये.

वेळ उरत होता म्हणून त्याने लंडनची मॅट्रिकही द्यायची ठरवली. पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये नापास झाला. दुसऱ्यांदा बसला आणि जून १८९० मध्ये पास झाला. ते लॅटिन पुढे रोमन कायदा मुळातून वाचायला कामी आलं.

सुट्ट्यांचंही सांगायला हवं. पहिल्या वर्षी तो ब्रायटनला समुद्रकिनारी गेला. हॉटेलात मेन्यू फ्रेंचमध्ये, याला ओ की ठो कळेना. समोर बसलेल्या एका वयस्कर विधवा बाईंनी यात मांस नसलेलं काय आहे ते सांगितलं. ओळख वाढली. त्यांनी लंडनचा पत्ता दिला आणि दर रविवारी जेवायला यायचं आमंत्रणही. मग मोहनदासचे रविवार तिथे जायला लागले. बाई त्याची भीड मोडावी म्हणून तरुण मुलींशी ओळख करून द्यायच्या, आणि एका मुलीसोबत त्याला मुद्दाम गप्पा मारायला एकटं सोडायच्या.

मोहनदासला आधी अवघड वाटलं, मग छान वाटायला लागलं, आणि मग घाम फुटला. कारण लग्न झालंय हे त्याने सांगितलंच नव्हतं. तिकडे कॉलेजातली पोरं अविवाहित असायची, त्यामुळे आपली बरीच लग्न झालेली पोरं तिथे जाऊन ते लपवायची. त्यानेही लपवलं होतं. शेवटी अनेकदा कागद फाडून त्याने बाईंना पत्र लिहिलं. माझं लहानपणीच लग्न झालंय, मुलगाही आहे, हे लपवल्याबद्दल माफ करा आणि घरी येऊ द्यायचं नसेल तरी मला वाईट वाटणार नाही, असा मजकूर. बाईंचं उत्तर लगेच आलं. त्या आणि ती मुलगी दोघीही पोट धरून हसल्या होत्या, रविवारचं आमंत्रण कायम होतं आणि बालविवाहाची सगळी गोष्ट त्यांना ऐकायची होती.

पॅरिसची ट्रिपही झाली. जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्यासाठी बांधलेला ३०० मीटरचा आयफेल टॉवर तेव्हा जगात सगळ्यात उंच. आत्मकथेत त्यांनी साल १८९० दिलंय, पण प्रदर्शन होतं १८८९ चं, तेव्हा आठवणीत एक वर्ष इकडचं तिकडे झालेलं दिसतं. तिथेही शाकाहारी हॉटेल शोधून जवळच खोली घेतली. सात दिवस हातात नकाशा आणि बहुतेक पायीच. टॉवरवर दोन-तीनदा चढला. पहिल्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये जेवला, का तर इतक्या उंचावर जेवलो असं सांगता यावं म्हणून. त्यात सात शिलिंग गेले. तेव्हा इन्स्टा नव्हतं एवढाच फरक. पुढे मात्र टॉवर त्यांच्या लेखी खेळणं ठरला आणि नोत्र दामसारखी जुनी चर्चेस मनात राहिली.

लंडनमध्ये त्याला एक अफलातून मित्र भेटला. नारायण हेमचंद्र. गुजराती लेखक, इंग्रजी जेमतेम, कपड्यांची फिकीर शून्य. मोहनदास त्याला इंग्रजी शिकवायचा. गड्याला घरच्यासारखी डाळ लागायची. एकदा त्याने लंडनमध्ये कुठून तरी मूग पैदा केले, शिजवले आणि थेट मोहनदासच्या खोलीवर घेऊन आला. परदेशात राहिलेल्यांना त्या मुगाची किंमत सांगायला नको. हाच नारायण एकदा शर्ट आणि धोतरावर दारात उभा राहिला, तेव्हा घरमालकीण घाबरून कुणी वेडा आलाय म्हणून सांगत आली. पुढे अमेरिकेत त्याच्यावर असभ्य कपड्यांसाठी खटला झाला, त्यातूनही तो सुटला.

अजून एक प्रसंग. थिऑसॉफी मानणाऱ्या दोन भावांनी मोहनदासला सोबत गीता वाचायला बोलावलं. त्यांच्याकडे एडविन अर्नोल्डचं इंग्रजी भाषांतर होतं. याची पंचाईत अशी की याने गीता संस्कृतात सोडाच, गुजरातीतही वाचली नव्हती. लाजत कबूल केलं आणि मग वाचायला बसला. म्हणजे गांधीजींची आणि गीतेची पहिली गाठ पडली ती लंडनमध्ये, इंग्रजीतून.

शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर त्याची निवड झाली, पण बैठकीत तोंड उघडेना. व्हेंटनरला एका सभेत लिहून नेलेलं भाषण वाचायला उभा राहिला तर डोळ्यांसमोर अंधारी आली. भाषण मजमुदारांनी वाचलं.

१८९१ चा जून आला. निघण्याआधी मोहनदासने शाकाहारी मित्रांना निरोपाची पार्टी दिली. कुठे? त्याच हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये, जिथून त्याला सूपच्या प्लेटवरून उठावं लागलं होतं. या वेळी तिथे पूर्ण शाकाहारी जेवण करून घेतलं होतं. विनोदी भाषण पाठ केलं होतं, पण पहिल्याच वाक्याला अडकला. आल्याबद्दल आभार मानले आणि खाली बसला.

१० जूनला बॅरिस्टर झाला. ११ ला अडीच शिलिंग भरून हायकोर्टात नाव नोंदवलं. १२ ला बोटीत बसला. एक दिवस जास्त थांबला नाही. आईला भेटायची घाई होती.

मुंबईला पोहोचला तेव्हा समुद्र खवळलेला होता. भाऊ बंदरावर आला होता. त्याने मग सांगितलं, आई गेली. मोहनदास लंडनमध्ये असतानाच गेली होती. परक्या मुलुखात धक्का बसायला नको म्हणून घरच्यांनी कळवलं नव्हतं.

भाऊ त्याला नाशिकला घेऊन गेला. समुद्र ओलांडल्याचं पाप धुवायला गोदावरीत स्नान झालं. मग राजकोटला जातजेवण. मोहनदासला यातलं काही पटत नव्हतं, पण ज्या भावाने तीन वर्षं पैसे पुरवले त्याचा शब्द मोडवेना. एवढं करूनही जात दोन तटांत फुटली. एकाने त्याला परत घेतलं, दुसऱ्याने नाही. त्या नियमाने सासरी किंवा बहिणीच्या घरी त्याला पाणीसुद्धा पिता येत नव्हतं. ते लोक चोरून द्यायला तयार होते. पण चोरून नको म्हणून मोहनदासने ते कधी घेतलं नाही.